पट्ट्याला पाजलेलं तेल

उचगावच्या बायडाबाईंच्या डाव्या दंडावर, पूर्वी बायका वाकी घालायच्या तिथं, एक तांबूस वळ आहे. तो रायफलच्या पट्ट्याचा. कुणी विचारलंच तर त्या बाही वर करून कौतुकानं दाखवतात.

लेक पूर्णिमा सहा वर्षं नेमबाजी करायची. चार म्हशींच्या धारा काढून बायडाबाई तिला मोपेडवरून कोल्हापुरात रेंजवर आणायच्या आणि बाकावर बसून राहायच्या. पुढं लेक नोकरीला पुण्याला गेली. तिचं जाड जाकीट आणि कातडी पट्टा खुंटीवर लटकत राहिला. सत्तेचाळिसाव्या वर्षी एका सकाळी बायडाबाईंनी दोन्ही उचललं आणि रेंजच्या चटईवर जाऊन त्या स्वतःच पालथ्या पडल्या.

प्रशिक्षक उदयसिंह सरांनी समजावलं, "काकी, रायफल हातानं तोलायची न्हाय. पट्ट्याचा फास दंडाला, दुसरं टोक रायफलीच्या पुढच्या कडीला. कोपर खाली टेकलं की वजन पट्ट्यावर आणि हाडावर जातं. हात सैल सोडायचा."

"म्हंजे चुंबळीवरची घागर की! ती कुठं हातानं धरतोय? मानंवर बसती."

सर हसले. तेव्हापासून नव्या पोरांनाही ते चुंबळच सांगतात.

घरी मात्र नवरा, हंबीरराव, चिडवायचा. "म्हशी घाबरल्यात तुला. धार काढताना नेम धरतीस म्हनं."

दोन वर्षांनी जिल्ह्याची निवड आली. साठ गोळ्या, सहाशे गुण. साडेपाचशे झाले तर राज्य स्पर्धेला नाव. बायडाबाईंना ते नाव हवं होतं. आजवर त्यांचं नाव दूध डेअरीच्या पुस्तकाखेरीज कुठं छापून आलं नव्हतं.

पहिल्या दहा गोळ्यांतच घात झाला. बाजूच्या पडद्यावर त्यांच्या गोळीचा प्रत्येक ठिपका मध्यापासून खाली उतरत होता. शंभरात चौऱ्याऐंशी. रायफलीचं नाक हळूहळू जमिनीकडं झुकत होतं आणि ते वर धरताना दंड थरथरत होता. बायडाबाईंनी पट्टा चाचपला. सैल. मऊ. नाकाशी नेला, तर शेंगतेलाचा वास.

त्यांनी मान वळवली. कठड्यापलीकडं हंबीरराव नवी कोल्हापुरी घालून ऐटीत उभा होता. ती चप्पलही चार दिवस तेल पिऊन मऊ झालेली. पट्ट्याच्या कातड्यालाही त्यानं तसंच तेल पाजलं होतं, बायकोच्या दंडाला वळ पडतो म्हणून, न सांगता. आता दंडाच्या उबेनं ते ताणलं जात होतं.

राग आला. त्यामागोमाग हसूही आलं. पुढच्या भोकात बकल घातलं, तर दंडाची नस रायफलीत ठोके देऊ लागली. अलीकडचं सैल, पलीकडचं घट्ट. घड्याळ पळत होतं.

म्हशीचं दावं लांब झालं की त्या काय करायच्या? पीळ द्यायच्या. त्यांनी पट्टा कडीतून सोडवला, दोन पीळ दिले, पुन्हा अडकवला. तेल प्यालेलं कातडं मुकाट्यानं वळलं. फास दंडावर बसला. रायफल हाडावर टेकली. श्वास सोडला, नळी स्थिर झाली, आणि पुढचा ठिपका मधोमध उमटला.

शेवटची गोळी सुटली तेव्हा पडद्यावर आकडा होता पाचशे एक्कावन्न.

बाहेर येताच त्यांनी पट्टा नवऱ्याच्या नाकासमोर धरला. "अवो, ह्यो उद्योग कुणाचा?"

हंबीररावनं चपलेकडं बघितलं. "वळ बघवंना झाला गं. कोरडं कातडं लै चावतं."

"सैल पडला पट्टा! समदं हुकत हुतं."

"आं? मग जमलं कसं?"

त्यांनी पीळ दाखवला. हंबीररावनं बोटानं दाबून बघितला. त्याची मान हळूहळू ताठ झाली.

"म्हंजे वाळकं कातडं असतं, तर पीळ बसला नसता. तेलानंच जिंकलीस की!"

"व्हय? मग राज्याच्या वक्ताला तेल म्हशीच्या शिंगांस्नी लावा," बायडाबाई म्हणाल्या, आणि पट्टा पिशवीत तळाशी, त्याच्या हाताला लागणार नाही असा ठेवला.