फिरायला नेलेल्या कोंबड्या

माझी बायको गेली त्याला सात महिने झाले. लोक येतात, चहा पितात, म्हणतात, बोला, मन मोकळं करा. तोंड उघडलं की मला आधी कोंबड्याच आठवतात. तो सगळा उद्योग तिचा होता, आणि त्यात मूर्ख मी ठरलो होतो.

खराडीत तेव्हा काचेच्या इमारती नव्हत्या, ज्वारी होती. घरामागं म्हशीचा गोठा रिकामा पडला होता. बायकोच्या मनानं घेतलं, तिथं ब्रॉयलर कोंबड्या पाळायच्या. शंभर पिल्लं आणायची, आठ आठवड्यांत दीड किलोची झाली की विकायची. आईच्या गळ्यात तुळशीची माळ. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि सुनेला एकच अट घातली.

"आखाडात काय विकायचं ते विक. श्रावणाच्या पहिल्या सकाळी गोठ्यात एक कोंबडी दिसली, तर परत नाव काढायचं नाय."

"नाय काढत, आत्याबाई," बायको म्हणाली.

अट तशी अवघड नव्हती. श्रावणात महिनाभर बंद, म्हणून आखाडात सगळं पुणं कोंबडीवर तुटून पडतं. बायकोनं गोठ्यात भाताचं तूस पसरलं, उबेला बल्ब लावले, वीज गेली तर कोळशाची शेगडी. पिवळी पिल्लं तळहातावर मावायची. दिवसातून दहा वेळा ती बघून यायची.

मी म्हणालो, "मला एवढं कधी जपलं नाहीस."

"तुमचं वजन वाढून कोण विकत घेणार हाय?"

ती पहाटे मेथीच्या जुड्या घेऊन मार्केट यार्डात जायची. दहापर्यंत राखण माझी. मी लहानपणापासून गावरान कोंबड्या बघितलेल्या. कोंबडी उकिरडा उकरणार, बांधावर किडे टिपणार. ही बिचारी दिवसभर कोंडलेली मला बघवेना. महिन्याची झाली तसं, पावसाची उघडीप असली की मी दार उघडायचो. आधी त्यांना कळेचना काय करायचं. मी पुढं आणि शंभर पांढऱ्या कोंबड्या मागं, अशी मी त्यांना विहिरीपर्यंत नेऊन आणायचो. ती परत यायच्या आत सगळ्या आत. मला वाटायचं, मी पुण्य करतोय.

खाद्य संपत होतं आणि वजन वाढत नव्हतं. बायको दर रविवारी चार कोंबड्या ताजव्यात घालायची आणि काटा परत परत बघायची. सातव्या आठवड्यात तिनं एकीचा पाय उलटा करून बघितला. नखांत काळी माती. गोठ्यात तर सगळं तूस.

"अहो, ह्या कुठं जातात?"

मी सांगितलं. ती खाली बसली. मला वाटलं रडते. ती हसत होती. हसून झाल्यावर डोळे पुसून म्हणाली, "ब्रॉयलरला फिरायला नेणारा अख्ख्या पुण्यात माझाच नवरा असणार."

पुढच्या आठवड्यात व्यापारी आला. एक कोंबडी उचलून मांडी चाचपली. "वहिनी, ही कोंबडी हाय का पैलवान? एक किलो पण भरणार नाय. मला नको." गाडी वळवून गेला. आखाडाचे चार दिवस उरले होते. बायको म्हणाली, "आपणच कापून, साफ करून विकू. नगर रोड दारातूनच तर जातो."

आखाडाच्या शेवटच्या दिवशी, अमावास्येला सकाळीच गावचे मुलाणीचाचा सुरी घेऊन आले. गावात कुणाचंही बकरं-कोंबडं असो, कापणार तेच. ते कापायचे, मी गरम पाण्यात बुडवायचो, ती पिसं काढायची. पाणी फार तापलं तर कातडी फाटते, कमी तापलं तर पिसं निघत नाहीत. ती बोट बुडवायची. तीनपर्यंत मोजायच्या आत काढावं लागलं की पाणी झालं. मग गव्हाच्या काडाच्या जाळावर भाजून हळद चोळायची. चाचा मला म्हणाले, "तुम्ही ह्यांना तालमीत घातलं होतं का? मान धरली तर मलाच ओढतात." मी मान खाली घालून बुडवत राहिलो.

आमचं घर रस्त्याला लागूनच. दारात कोंबड्यांनी भरलेल्या पाट्या मांडल्या. शहरातला एक स्कूटरवाला थांबला, चष्मा वर करून म्हणाला, "ही गावरान का?"

मी हो म्हणणार, तेवढ्यात ती म्हणाली, "नाय साहेब, ब्रॉयलर."

"मग इतकी वाळकी कशी? उपास करत होती?"

"हे रोज फिरायला न्यायचे."

तो माझ्याकडं बघत राहिला. "दोन द्या. आमच्या घरात कुणी चालत नाही, निदान चाललेलं काहीतरी पोटात जाऊ दे."

कारखाने सुटले तशी गर्दी झाली. तरी दिवेलागणीला अकरा उरल्या. रस्ता रिकामा व्हायला लागला. बायको नुसती हळदीचे हात पदराला पुसत होती. एवढ्यात आई दाराशी आली. उंबऱ्याच्या आत उभी राहून, नाकाला पदर लावून, येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारायला लागली.

"घेऊन जा रे बाबांनो. उद्या माझा श्रावण हाय. माझं दार मोकळं करा."

सायकलवाले हसून उतरायला लागले. माळकरी म्हातारी कोंबडी विकतेय, हे बघायलाच निम्मे थांबले. "आजी, ताजी हाय का?" कुणी विचारलं, तर म्हणाली, "मला काय विचारतो, मी खाल्ली का?" अर्ध्या तासात पाट्या रिकाम्या झाल्या. शेवटची चाचांनी नेली. पाट्या उचलताना बायको इतकी हसली की तिला उचकी लागली.

श्रावणाच्या पहिल्या सकाळी गोठा चुन्यानं पांढरा. आईनं कोपरा न् कोपरा तपासला. काही सापडेना.

"दिवाळीला किती आणणार?" तिनं सुनेला विचारलं.

"दोनशे आणते, आत्याबाई."

"आण. आणि ह्याला दाराला हात लावू देऊ नको."

पुढं वीस वर्षं बायकोनं कोंबड्या केल्या. मला पाणी तापवायचं काम होतं.