बिनगुळाचं पाणी

आमच्याकडे माणूस दारात आला की त्याला पाणी मिळतं. तो वैरी असला तरी मिळतं, कारण तहान काही कोणाची वैरी नसते. पण पाण्याबरोबर तळहातावर गुळाचा खडा पडला, तर ती गोष्ट वेगळी. गूळ खाल्ला की तो माणूस आपला. मग त्याने आपलं वाईट करायचं नाही आणि आपण त्याचं. म्हणून गूळ देण्याआधी घरातली बाई दोन गोष्टी विचारते: कुठून आलात, कशाला आलात? उत्तर पटलं तर गूळ, नाही पटलं तर नुसतं पाणी. परका माणूस पाणी पिऊन, तोंड पुसून, खूश होऊन निघून जातो. आपलं स्वागत झालं की नाही, हे त्याला कळतसुद्धा नाही. जगात याहून सभ्य अपमान मी पाहिलेला नाही.

आता मी पन्नाशीला आलो. राजधानीत परदेशचे पाहुणे येतात, त्यांना बोलवावं की नाही यावर वर्तमानपत्रांत रकानेच्या रकाने भरतात, ते मी चवीने वाचतो आणि मनात म्हणतो, बाबांनो, हा वाद आमच्या गावात केव्हाच होऊन गेला. आणि त्यात लबाडी कोणी केली असेल, तर ती मी.

दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईआधी दोनेक वर्षांची गोष्ट. मी तेविशीचा, मुरबाडच्या शाळेत नवा मास्तर, आणि सुट्टी लागली की मामाकडे. मामाचं गाव शहापूरहून येताना सापगाव ओलांडलं की नदीकाठी. मामा गावचा पाटील. भाताची झोडणी उरकली होती, खळी मोकळी होती, आणि अशा दिवसांत तालुका कचेरीतला कारकून सायकल ढकलत आला.

"पाटील, कमान उभारा," तो म्हणाला. "सरकारचा पाहुणा येतोय. परदेशचा फार मोठा वजीर. आसनगावला गाडीतून उतरणार, मोटारीनं मुरबाडच्या रानात शिकारीला जाणार. नदीपाशी मोटार हळू होते, म्हणून स्वागत तुमच्या गावात."

त्याने सांगितलेलं नाव ऐकल्यावर माझे कान उभे राहिले. याच माणसाविषयी मी चहाच्या दुकानात वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवलं होतं. त्याच्या देशाने समुद्रापलीकडचा एक गरीब मुलूख गिळला होता आणि गवताच्या झोपड्यांवर विमानातून आग टाकली होती. सरकारचं त्याच्याशी काहीतरी काम अडलं होतं, म्हणून ही खातिरदारी.

मामाच्या ओटीवरच चावडी भरायची, तिथे गाव जमला. मी वर्तमानपत्र पुन्हा वाचलं. हातवारे करून, विमानाचा आवाज काढून. मला कोणी थांबवलं नाही, म्हणून झोपड्या जरा जास्तच जाळल्या.

"ज्याच्या मानसांनी झोपड्या जाळल्या त्याला हार घालायचा?" एकाने विचारलं. "आपली पन झोपडीच हाय ना रे!"

"अरे, दारात आला तो पाहुणा," दुसरा म्हणाला.

"तो दारात नाय आला. त्याला आनलाय."

"वाघ मारायला एवढ्या लांबून कोन येतो? त्याच्याकडं वाघ नाय?"

"वाघ नाय रे, पानी बघायला येतो तो."

यावर सगळ्यांनी नदीकडे पाहिलं. पाण्याचं नाव निघालं की आमच्या भागात माणसं अशीच नदीकडे पाहतात. वरच्या अंगाला मुंबईला पाणी देणारा मोठा तलाव आहे आणि त्याच्या पोटात गावं आहेत. माझ्या मामीचं माहेर त्यातलंच एक.

मामी पोरगी असताना त्या गावात एक गोरा साहेब आला होता. तीन पायांची दुर्बीण नदीकडे लावून दिवसभर बसला होता. मामीच्या आईला त्याच्या उन्हात भाजलेल्या मानेची दया आली. तिने पाणी दिलं आणि पाण्याबरोबर गूळ दिला. कशाला आलास, हे विचारायचं राहून गेलं, आणि गूळ खाल्लेल्या माणसाला मग गावाला अडवता येईना. चार पावसाळ्यांनी गावात पाणी शिरलं. पुढे ती माउली जगली तेवढी वर्षं लोकांनी तिला एकच ऐकवलं: तुझ्या हातच्या गुळानं गाव बुडालं.

त्यामुळे पाहुण्याला गूळपाणी पाटलाच्या बायकोनं द्यायचं असं कारकून म्हणाला, तेव्हा मामी दारामागून म्हणाली, "मी नाय देनार."

"वहिनी, साहेबलोकांचं काम आहे."

"पानी देते. गूळ नाय."

कारकून मिशीत हसला. "मी याच मुलखातला आहे, वहिनी. बिनगुळाच्या पाण्याचा अर्थ मला कळतो. तुम्ही साहेबाला फसवाल, मला नाही. मी स्वतः चाखून बघणार." मग मामाकडे वळून हळूच म्हणाला, "गूळ नसला तर पाटीलकी तुमच्या चुलतभावाकडे जाईल. तो तर ढेपच घेऊन उभा आहे."

मामाचा चेहरा उतरला. पाटीलकी पाच पिढ्यांची होती आणि तो चुलतभाऊ बांध कोरण्यात पटाईत होता.

कारकून निघून गेल्यावर मी पुढे सरसावलो. आमच्याकडे बोहाडा होतो, त्यात मुखवटे घालून देवादिकांची सोंगं नाचतात, आणि बायकांची सोंगं तेव्हा माझ्याकडे असत. नऊवारी नेसून मी चाललो की म्हातारे खाकरत. मी म्हणालो, "मामा, मीच होतो पाटलीण! डोक्यावरून पदर घेतो. बाईच खोटी, तर तिच्या हातचा गूळ कसा लागू होईल? सरकार खूश, गाव मोकळं."

गावाला हे इतकं पटलं की टाळ्या पडल्या. मामीने मात्र घरातली गुळाची ढेप उचलली, कोठीत टाकली, आणि कोठीची किल्ली कमरेला लावली. "सोंग करा नायतर काय पन करा," ती म्हणाली. "माज्या घरचा गूळ त्याच्या तोंडात जायाचा नाय."

आता माझी लबाडी. किल्ली मामीच्या कमरेला, कारकून चाखून बघणार, आणि मामाची पाटीलकी टांगणीला. मी शहापूरच्या दुकानातून पावशेर गूळ आणला आणि पाहुणा यायच्या दिवशी सकाळी तांब्यात विरघळवून टाकला. ताटलीत खडा ठेवला नाही, म्हणजे मामीला दिसणार नाही. पाणी गोड, म्हणजे कारकुनाला कळेल. आणि देणारा हात माझा, म्हणजे लागू होणार नाही. तिन्ही बाजू सांभाळल्या म्हणून मी स्वतःवर भलताच खूश होतो. कोणालाही सांगितलं नाही.

दोन मोटारी आल्या. पाहुणा खाली उतरला. राक्षस बघायला जमलेल्या गावाची निराशाच झाली, कारण माणूस बुटका, गोरा, नाकाला रुमाल लावलेला. त्याच्यासोबत त्याची भाषा जाणणारा एक साहेब. पाहुण्याने कमानीकडे पाहिलं नाही, हाराकडे पाहिलं नाही. गळ्यातली दुर्बीण डोळ्यांना लावली आणि नदीकडे पाहत राहिला. वरपासून खालपर्यंत, सावकाश.

गावातून एक कुजबुज गेली. मी पदर सावरत, तांब्या घेऊन, कमरेत लचकत पुढे निघालो. बोहाड्यातसुद्धा इतकी सुंदर चाल मला कधी जमली नव्हती. तेवढ्यात कोणीतरी माझ्या हातातला तांब्या हिसकावून घेतला.

मामी होती.

"सर बाजूला," ती म्हणाली. "पाटलाच्या दारातनं पानी सोंगाड्या देनार काय रे? पानी मी देते. माज्या हातानं. बिनगुळाचं."

मी पदर आणखी पुढे ओढला. नऊवारीत, पावडर फासून, दीडशे माणसांसमोर मी काय सांगणार होतो?

मामी पाहुण्यासमोर उभी राहिली आणि रिवाजाप्रमाणे तिने विचारलं, "कुठनं आलाव? कशाला आलाव?"

कारकुनाने ते इंग्रजीत केलं, साहेबाने पाहुण्याच्या भाषेत केलं, आणि उत्तर त्याच वाटेने परत आलं. कारकून म्हणाला, "वाघ बघायला आलो म्हणतात."

"वाघ झाडीत असतो," मामी म्हणाली. "यो तर पान्याकडं बघतोय."

हे कारकुनाने पुढे पोचवलं नाही. मामीने तांब्या पुढे केला. पाहुण्याने हात पुढे केला आणि मागे घेतला. साहेबाला काहीतरी पुटपुटला. साहेब कारकुनाला म्हणाला, "आधी तुम्ही प्या."

गाव खदखदून हसला. ज्याच्यावर आम्ही आठ दिवस संशय घेत होतो, तोच आमच्यावर संशय घेत होता! मामीसुद्धा हसली. "एवढ्या झोपड्या जाळल्यान, आनि बाईच्या तांब्याला भितो!"

कारकून एक घोट प्याला. मिशीवरून जीभ फिरवली. मामाकडे बघून मान डोलावली. मग पाहुणाही प्याला, आणि त्याला ते आवडलं असावं, कारण त्याने तांब्या रिकामा केला.

मोटारी गेल्या. मामाची पाटीलकी राहिली. गावात मात्र मामीचा बोलबाला झाला: सरकारच्या नाकासमोर तिने बिनगुळाचं पाणी पाजलं! आईवरचा डाग लेकीने धुतला, असं ज्या तोंडांनी म्हटलं, ती तोंडं तो डाग लावणाऱ्यांचीच होती. मामी काही बोलायची नाही. मीही बोललो नाही. तेवढा आनंद तिच्याकडून काढून घ्यायचा मला काय अधिकार होता? असं मी स्वतःला सांगायचो. खरं म्हणजे मी घाबरलो होतो.

पुढे लढाई सुरू झाली. पाहुण्याचा देश सरकारचा शत्रू झाला. हाच कारकून पुन्हा सायकल ढकलत आला आणि त्या स्वागताचे फोटो कोणाकडे आहेत का, असतील तर जाळून टाका, असं सांगून गेला. आमच्याकडे फोटो नव्हते. गूळ होता, तो पोटात गेला होता.

लढाई संपली त्या हिवाळ्यात लाल-पांढऱ्या काठ्या घेतलेली माणसं नदीकाठाने मोजत आली. मामाच्या शेताच्या खालच्या अंगाला त्यांनी खुणेचा एक दगड पुरला. गाव मामीकडे धावला. "तू गूळ नाय दिलास ना गो? मग आपल्याला भ्या नाय ना?"

"नाय," मामी म्हणाली.

मला मुरबाडला हे कळलं आणि झोप उडाली. मी तसाच चालत निघालो. मामी अंगणात तांदूळ पाखडत होती. मी ओटीवर बसलो, तिने पाण्याचा तांब्या आणून ठेवला, आणि मी एका दमात सगळं सांगून टाकलं: दुकान, पावशेर, तांब्या. ती सूप हलवत राहिली.

"म्हाईत हाय," ती म्हणाली.

"कारकुनानं सांगितलं?"

"मुंग्यांनी. मोटारी गेल्यावर तांब्या घासायला घेतला तर मुंग्यांची रांग. बिनगुळाच्या पान्याला मुंग्या येतात काय रे?"

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

सूप थांबलं. "काय बोलू? गूळ तुजा, पन हात माजा. आईच्या येळेला ती तरी विसरली होती. मी तर विचारलं, तो खोटा बोलला त्ये वळखलं, आनि तरी माज्याच हातनं गेला. गावाला सांगू? आईला छळला तसा माला पन छळतील. म्हनून गप ऱ्हायली. रोज नदीकडं बघते आनि गप ऱ्हाते."

मी मान खाली घातली. समोर तांब्या होता. आणि मग, इतक्या वर्षांनी, एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. त्या दिवसापासून या घरात मला कधी गूळ मिळाला नव्हता. दर सुट्टीला मी यायचो, ती नुसतं पाणी द्यायची, आणि मी समजायचो की मी घरचा माणूस, घरच्याला कसला गूळ!

"मामी," मी म्हणालो, "आज तरी विचार ना."

तिने सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "कुठनं आलास?"

"मुरबाडहून."

"कशाला आलास?"

"माफी मागायला."

तिने मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं, जसं पाहुण्याने नदीला न्याहाळलं होतं. मग खांद्यावर धुण्याचं गाठोडं टाकलं आणि त्या खुणेच्या दगडाकडे निघाली. त्याच दगडावर ती आता रोज कपडे आपटायची, सरकारचा दगड झिजवायचा तिने जणू विडाच उचलला होता.

"बघू," जाता जाता ती म्हणाली. "पानी पी."

मी तांब्यात वाकून पाहिलं, मग एक घोट घेतला. नदीचं पाणी होतं, गार. गोडीचा लवलेश नव्हता. खालून दगडावर कपडे आपटल्याचा आवाज येत होता.