शेपटीकडं झुकलेलं विमान

बेंबळी गावात आम्हा दोघा भावांचं ट्रॉल्या आणि गेट बनवायचं दुकान आहे. दुकानामागच्या शेडमध्ये मी विमान बांधत होतो. एका माणसापुरतं, पातळ पाईपांच्या सांगाड्याचं. इंटरनेटवर मिळालेल्या आराखड्यात मी माझ्या मनानं बदल करत गेलो होतो. ते बदल बरोबर आहेत का हे आधी कॉम्प्युटरवर बघायला पाहिजे, म्हणून धाराशिवला कॅडच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर आराखडे काढायच्या, क्लासला जाऊ लागलो.

क्लासमध्ये बाकी सगळी डिप्लोमाची पोरं. शिकवणारा सर माझ्या भाच्याच्या वयाचा. माझ्या बोटांना वेल्डिंगच्या हँडलची सवय. एक रेघ दुसरीला जोडायला गेलो की पहिलीच निसटायची. सर मागं उभा राहून म्हणायचा, "काका, माऊस आहे तो, विळा नाही. एवढं दाबू नका." विमानाचं कळल्यावर माझं नावच पडलं, पायलट. मी दारात दिसलो की कुणीतरी तोंडानं इंजिनाचा आवाज काढायचं.

तरी शिकलो. स्क्रीनवर एकेक पाईप काढला, त्याला धातू नेमून दिला, इंजिनाचं वजन भरलं, बसणाऱ्या माणसाचं म्हणून माझंच भरलं. मग गुरुत्वमध्य कुठं येतो ते बघितलं. ठिपका पंखाच्या पार मागं, शेपटीकडं उमटला. असं विमान उचललं की नाक वर करतं आणि कोसळतं. आतला माणूस वाचत नाही.

सर वाकून बघत होता. मी काय झालंय ते सांगितलं, तर त्यानं सगळ्यांना हाक मारली. "या रे, बघा. पायलटकाकांनी स्वतःची तिरडी किती मेहनतीनं काढलीय."

पोरं लई वेळ हसली. राग यायच्या आधी मला ते पटलं होतं, हे जास्त वाईट.

जेवताना थोरल्या भावाला सांगितलं.

"म्हंजे उडणार न्हाय?"

"आत्ता हाय तसं न्हाय, दादा. इंजिन पुढं घ्यावं लागंल."

तो हात धुवायला उठला.

पुढच्या आठवड्यात क्लासमध्ये मी इंजिनाची चौकट हातभर पुढं सरकवली. ठिपका नेमक्या जागी आला. कुणाला दाखवलं नाही. बसमध्ये उभ्यानं येताना मात्र एकटाच हसत होतो.

शेडमध्ये विमान नव्हतं. खाली कटरची काळी भुकटी, कोपऱ्यात पंखाचं कापड गुंडाळलेलं. भाऊ दुकानापुढं गोठ्याचं गेट जोडत होता. उभे पाईप माझे होते.

"दादा, हे काय केलं?"

"तूच म्हणलास ना, उडणार न्हाय. गिऱ्हाईक सकाळधरनं बसलंय."

खुर्चीतलं गिऱ्हाईक माझ्याकडं बघून म्हणालं, "विमानवाले हेच व्हय?" आणि दोघं हसले.

"पातळ पाईप हाय," भाऊ म्हणाला, "माझ्या हातनं भोकं पडायलीत. तुझा हात हलका हाय, तेवढे टाके मारून दे."

मी तोंडापुढं वेल्डिंगची काळी काच धरली. तिच्याआड माणसाचं तोंड कुणाला दिसत नाही. सगळे टाके मारून दिले.

क्लास मी पूर्ण केला. आता ट्रॉल्यांची चित्रं कॉम्प्युटरवर मीच काढतो. भाऊ गिऱ्हाइकांना ती दाखवतो आणि माझ्यासमोर सांगतो, "येडं खूळ होतं, पण शिकणं वाया न्हाय गेलं."