धूम्रपानबंदीची पहिली कारवाई

धूम्रपानबंदीचं परिपत्रक मी टाईप केलं आणि थकवा घालवायला गच्चीवर जाऊन एक सिगारेट ओढली.

यात मला काही वावगं वाटलं नाही. परिपत्रक सांगणारे साहेबही ओढतच होते. 'कडक कारवाई' या शब्दांवर त्यांची राख पडली, तेवढी झटकून मी कागद पुढे पाठवला. रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं. नव्या राज्याकडे धड इमारती नव्हत्या (आमचं खातं तेलीबांध्याला भाड्याच्या जागेत होतं), पण बंदी मात्र हवी होती. मंत्र्यांना पेपरात फोटो हवा होता आणि फोटोला गुन्हेगार हवा होता. तो पकडायच्या समितीवर मला नेमलं, कारण परिपत्रक पूर्ण वाचलेला खात्यात मी एकटाच होतो.

पंचाईत अशी, की सिगारेट सोडल्याचा शब्द मी लग्नातच बायकोला दिला होता. तिचे वडील आमच्याच इमारतीत, खालच्या मजल्यावर लेखा शाखेत. दर रविवारी ते पुरानी बस्तीतून आमच्याकडे यायचे आणि तोंडात वेलदोडा धरून मला व्यसनांचे तोटे सांगायचे. मीही तोंडात वेलदोडा धरून ऐकायचो. या घराण्याला वेलदोड्याची फार आवड, असं माझं भाबडं मत होतं.

बंदीआधी माझ्यासारखे एकदोघे सोडले तर जो तो आपापल्या टपरीवर जायचा. बोर्ड लागल्यावर सगळं खातं गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीमागे जाऊ लागलं. माझी वेळ अकराची. दुपारी साडेतीनला तिथे ड्रायव्हर लोक असतात, हे मला अनुभवाने ठाऊक होतं.

"कोई छोटा आदमी पकड़ो," साहेब म्हणाले. "और फोटोवाले को मेरे केबिन के सामने से मत लाना."

साडेतीनला आम्ही निघालो: मी, फोटोग्राफर आणि मागून साहेब. जिन्यात साहेबांनी अर्धी ओढलेली सिगारेट 'धूम्रपान निषेध'च्या बोर्डाखाली विझवली. टाकीमागून धूर येत होता.

"बाहर आओ!" मी सरकारी आवाजात ओरडलो.

बाहेर आले ते सासरे. हातातली सिगारेट त्यांनी आधीच टाकीत टाकली होती (ते पाणी आम्ही सगळे पितो).

सासरे दिसले की वाकायचं, ही आमच्याकडची रीत. घर असो, बाजार असो, माझी कंबर मला विचारत नाही. मी वाकलो. शर्टाच्या खिशातून सिगारेटचं पाकीट घसरलं आणि नेमकं त्यांच्या चपलेवर पडलं. मागोमाग माचिस. फोटोग्राफरने तेवढ्यात बटण दाबलं.

"जावईबापू, हे काय पाहून राहिलो मी?"

"बाबा, पण तुम्ही इथं..."

"मी हवा खाऊन राहिलो होतो. माह्या पोरीले शब्द देला होता न तुम्ही? काहून केलं असं?"

प्रत्येक शब्दाबरोबर त्यांच्या तोंडातून धूर निघत होता. साहेबांनी तो पाहिला आणि सरळ आकाशाकडे बघत म्हणाले, "बुज़ुर्ग हैं, हवा खा रहे हैं. केस तो बन गया."

खरं सांगायला मी तोंड उघडलं. पण सासऱ्यांच्या निवृत्तीला चारच महिने उरले होते. मला वाईट वाटलं. "पाकीट माझंच आहे," मी म्हणालो. इतकं खरं मी त्या इमारतीत पहिल्यांदाच बोलत होतो.

सकाळी बायकोने पेपर माझ्या ताटाशेजारी ठेवला.

"हे वाकलेले तुम्हीच न?"

"बाबांच्या पाया पडून राहिलो होतो."

"मंग हे खाली काय पडलं? प्रसाद?"

पुढचे आठ दिवस ती माझ्याशी परक्यासारखी फक्त हिंदीत बोलली.

मंत्री मात्र खूश झाले. स्वतःच्या जावयालाही न सोडणारा बाणेदार कर्मचारी म्हणून सासऱ्यांचा सत्कार झाला आणि समितीवर माझ्या जागी त्यांना नेमलं. तो आदेशही मीच टाईप केला. सासऱ्यांनी पहिल्याच दिवशी गच्चीला कुलूप घातलं आणि किल्ली स्वतःजवळ ठेवली. मग ते निवृत्त होईपर्यंत मी रोज अकराला लेखा शाखेत किल्ली मागायला जायचो आणि रीतीप्रमाणे वाकायचो. फक्त वाकण्याआधी सिगारेटचं पाकीट पँटच्या खिशात ठेवायचो.