कर्जाचे कागद ऐकणारी खाला

खोली बघायला आलेल्या माणसाच्या हातात पाण्याचा पेला द्यायच्या आधी खाला विचारायची, "फीस कुठून आणली?"

हा प्रश्न ऐकून माझ्या बाबांचा चेहरा कसा झाला होता, ते मला अजून आठवतं. माझ्या डॉक्टरकीच्या क्लाससाठी आम्ही किनवटहून नांदेड आणि नांदेडहून एसटीने लातूर असा प्रवास करून आलो होतो. बाबा आश्रमशाळेत स्वयंपाकी. भाडं किती, जेवणात काय, फाटक किती वाजता बंद होतं, असे प्रश्न ते रस्ताभर घोकत आले होते. इथे ही बाई उलट त्यांनाच विचारत होती, आणि तेही पैसे कुठून आणले म्हणून. बाबा म्हणाले, "आपा, चोरून तर न्हाई आणले."

खाला हसली. "तसं न्हाई भाऊ. कर्ज काढलं आसंल तर कसलं काढलं, एवढंच इचारून राहिले. मला ऐकायला आवडतं."

तिला खरंच आवडायचं. काही बायकांना कुणाच्या लग्नात काय मिळालं हे ऐकायचं असतं, तसं खालाला कुणी कसलं कर्ज काढलं हे ऐकायचं असायचं. क्लासच्या गल्लीत तिचं दुमजली घर होतं. वर आम्ही बारा मुली, खाली ती आणि तिचं स्वयंपाकघर. नवरा शिवणकाम करायचा, तो वारल्यावर तिने हे सुरू केलं होतं. मुलगा हैदराबादला. तिची शाळा तिसरीत सुटली होती, त्यामुळे आकडे ओळखायची पण अक्षरांशी तिचं फारसं जमायचं नाही. कागद वाचायला तिला कुणीतरी लागायचं. मी वाचते चांगली हे तिला पहिल्याच दिवशी कळलं आणि ते काम माझ्या गळ्यात पडलं.

त्या पहिल्या दिवशीचा कागद कागदही नव्हता, बाबांच्या मोबाईलमध्ये होता. क्लासवाल्यांनीच फीच्या हप्त्यांची सोय करून दिली होती. शून्य टक्के व्याज, दहा हप्ते, एक ओटीपी सांगितला की काम झालं. बाबा खूश होते. खाला मात्र विचारात पडली. "व्याज न्हाई? मग तो खातो काय?" तिने मला सगळं वाचायला लावलं. प्रोसेसिंगचे पैसे वेगळे होते. मग तिने बाबांना विचारलं की सगळी फी एकदम रोख भरली असती तर किती सांगितली होती. रोखीला आठ हजार कमी होते. "सापडलं," खाला म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, हरवलेली सुई मिळावी तसं समाधान होतं. "आठ हजार हेच त्याचं व्याज. नाव बदललंय नुसतं."

पुढच्या एका ओळीवर मात्र ती थांबली. विद्यार्थ्याने क्लास सोडला तरी हप्ते चालूच राहतील, असं तिथे होतं. बाबा म्हणाले, "माझी पोरगी कशाला सोडते?" खाला कुणाला हे करा, ते करू नका, असं सांगायचीच नाही. विचारायची, ऐकायची आणि भाकरी थापायला बसायची. बाबा मात्र परतीच्या एसटीत बसेपर्यंत मोबाईलवरची ती ओळ पुन्हा पुन्हा वाचत होते.

आम्ही तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणायचो; आम्हा मुलींना ती गावाच्या नावाने हाक मारायची. मी किनवटवाली. हिमायतनगरची एक होती, तिच्या भावाने नवी मोटरसायकल हप्त्यावर घेतली तेव्हा ती दर सांगून मिरवत होती. बँकेपेक्षाही कमी दर. खालाने विचारलं, "कशावर?" ते कुणालाच कळेना. मग भावाला फोन लावला. व्याज पूर्ण रकमेवर, शेवटच्या हप्त्यापर्यंत. निम्मी रक्कम फिटली तरी व्याज पहिल्या दिवसाइतकंच. खालाने टोपल्यातल्या पाच भाकऱ्या त्या मुलीच्या ताटात ठेवल्या, एकेक करून आम्हाला वाटल्या आणि एक उरली तेव्हा म्हणाली, "आता हिच्याजवळ एकच हाय. तो पाचाचेच पैसे घेऊन राहिला." ती मुलगी त्या दिवशी नीट जेवली नाही. मला मात्र गणितात व्याज शिकवणाऱ्या सगळ्या सरांची दया आली.

खाला चिडलेली मी एकदाच पाहिली. एका मुलीने घरी न सांगता ॲपवरून सहा हजार घेतले होते. मिळाले त्यातून साडेचारच, आणि आठवड्याने सहाच्या सहा परत द्यायचे. पण खाला चिडली ती आकड्यावर नाही. पैसे देताना त्या ॲपने, थकले तर सगळ्यांना फोन करता यावेत म्हणून, फोनमधले सगळे नंबर मागितले होते आणि हिने दिले होते. "तुझ्या फोनमधी माझा नंबर हाय ना?" खालाने विचारलं. "म्हंजे मला न इचारता मला बी गहाण टाकलीस." मग स्वतःच्या डब्यातून पैसे काढून तिने ते मिटवलं, आणि त्या मुलीकडून पाच महिन्यांत वसूलही केले. व्याज घेतलं नाही. आम्ही तिची चेष्टा केली की खाला, तुझं कर्ज सगळ्यात स्वस्त. ती म्हणाली, "माझ्याकडं एकच पोरगी येऊन राहिली म्हणून स्वस्त."

एका शुक्रवारी, खिचडी आणि चिंचेच्या आंबट खट्ट्याचं जेवण झाल्यावर, मी तिला विचारलं की तुला हे सगळं ऐकायचं वेड लागलं कुठून. तिने हातातल्या काचेच्या बांगड्या मागे सारल्या आणि सांगितलं. नवऱ्याला शिलाईचं चांगलं मशीन घ्यायचं होतं, म्हणून तिने चार सोन्याच्या बांगड्या तारण ठेवल्या. दर कमी होता. महिन्याच्या महिन्याला व्याज भरलं, एक दिवस चुकवला नाही. पण ते कर्ज एका वर्षाचं होतं. वर्ष संपताना मुद्दल भरायचं किंवा पुन्हा नवा कागद करायचा, हे दोघांना माहीतच नव्हतं. व्याज देतोय तोवर बांगड्या आपल्या, अशी समजूत. तोवर त्यांनी घर बदललेलं, नोटीस जुन्या पत्त्यावर गेली. लिलाव झाल्याचं कळलं तेव्हा ती पुढचं व्याज भरायला खिडकीवर उभी होती.

"त्यांनी फसवलं न्हाई," खाला म्हणाली. "सगळं लिवलेलं होतं. आमी इचारलं न्हाई. तुमच्या खालूनी, माझ्या नवऱ्यानं, सही केली, मी अंगठा केला, चहा पिऊन घरी आलो." मग जरा वेळाने म्हणाली, "बांगड्या गेल्याचं दुःख झालं गं. पण त्याहून जास्त वाटलं की आपल्याच कागदात काय हाय ते गल्लीतल्या वाचता येणाऱ्या कुणाला बी माहीत आसू शकतं, आन आपल्याला न्हाई." तेव्हापासून ती दुसऱ्यांचे कागद ऐकत होती.

बारावीनंतर मला डॉक्टरकी मिळाली नाही. खासगी कॉलेजात नर्सिंगला नंबर लागला, चार वर्षांचे चार लाख, दर वर्षी एक. खरी गोष्ट इथून सुरू होते, कारण बाबांनी तोवर ठरवून टाकलं होतं. पगारपत्रक दाखवलं की दोन दिवसांत वैयक्तिक कर्ज मिळत होतं. शैक्षणिक कर्जाला बँकेच्या चकरा होत्या आणि फी भरायला तीन आठवडेच उरले होते. बाबा माझं सामान न्यायला लातूरला आले ते हे सगळं खिशात घेऊन. पाच वर्षांचे हप्ते, पुढच्याच महिन्यापासून सुरू.

खालाने दर विचारला, एकूण किती भरायचे ते विचारलं. मग तिने जे विचारलं ते आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. "भाऊ, नोकरी किती राहिली तुमची?"

"तीन वर्षं."

"आन हप्ते पाच." खाला चहा ओतत होती, ओतायची थांबली. "शेवटचे दोन वर्षं तुमी कुठून भरणार?"

बाबा म्हणाले, रिटायर झाल्यावर पैसे मिळतील, त्यातून भरू. आई आणि ते त्याच पैशांतून किनवटमध्ये दोन खोल्या बांधणार होते, कारण शाळेचं क्वार्टर सोडावं लागणार होतं. हे बाबांनी सांगितलं नाही, मी सांगितलं. मला तेव्हा स्वच्छ दिसलं की माझ्या चार वर्षांसाठी म्हातारपणी या दोघांच्या डोक्यावरचं छप्पर जाणार आहे, आणि ते मला कधी बोलूनही दाखवणार नाहीत. मी रडले. खालाने रडू दिलं, मग म्हणाली, "रडून झालं का? शिकायचं कुणाला हाय? मग तुझ्या नावानं काढ की."

ती आमच्याबरोबर बँकेत आली. बुरखा सावरत साहेबांच्या समोरच्या खुर्चीत बसली, जणू कर्ज तिलाच हवं होतं. साहेबांनी आधी तिच्याकडे दुर्लक्ष केलं, मग हळूहळू तिच्याशीच बोलायला लागले. तारण काही नको होतं. हप्ते शिक्षण संपून वर्षभराने सुरू. "मग बापाची सही कशाला?" तिने विचारलं. सहकर्जदार म्हणून, साहेब म्हणाले. "म्हंजे हिनं न्हाई भरलं तर यांच्याकडं येणार." साहेब हो म्हणाले. खाला माझ्याकडे वळली. "ऐकलंस ना? तुझं नाव हाय म्हणून ह्यांचं सुटलं असं न्हाई." आणखी एक प्रश्न तिने असा विचारला की बाबा खुर्चीत चुळबुळले. "आन ही पोरगी मेली तर?" बँकेत असं अभद्र कुणी बोलत नाही. साहेब मात्र शांतपणे विम्याचा कागद काढून बसले. सगळा करारनामा मी तिला मोठ्याने वाचून दाखवला. रांगेतली माणसं ऐकत होती. अडीच आठवड्यांनी कर्ज मंजूर झालं आणि फी भरायला दोन दिवस उरले होते.

बाबा तीन वर्षांनी निवृत्त झाले. दोन खोल्या झाल्या. वरचे पत्रे घालायच्या दिवशी बाबांनी सगळ्या कामगारांना स्वतः रांधून जेवू घातलं. मी नांदेडला एका दवाखान्यात लागले आणि वर्षभराने माझा पहिला हप्ता कापला गेला.

तेव्हा मला कळलं की चार लाखांचे पाच लाख चाळीस हजार झाले आहेत. हप्ते नव्हते त्या वर्षांत व्याज मात्र चालू होतं आणि ते सगळं मुद्दलात मिसळलं होतं. मला भरायला जमणार होतं, पण मन खट्टू झालं. सुट्टी मिळताच मी लातूरला खालाकडे गेले. ती अंथरुणाला खिळली होती. किडनीचं दुखणं. वर मुली होत्याच, खाली एक बाई स्वयंपाकाला ठेवली होती. कर्जाचं नाव काढताच खाला उशीला टेकून उठून बसली.

"मधल्या वर्षांचं व्याज थोडं जास्त लागलं," मी म्हणाले. "वीसेक हजार असेल."

"दर काय होता? शेकडा दहा ना?" तिने बोटांवर मोजायला सुरुवात केली. "पहिला लाख पाच वर्सं बसला. पन्नास. दुसरा चार वर्सं. चाळीस. तिसऱ्याचे तीस, चौथ्याचे वीस." हात खाली ठेवून ती माझ्याकडे बघत राहिली. "एक लाख चाळीस होतंय गं. मला कशाला खोटं सांगून राहिलीस?"

तिचा चेहरा उतरला होता. "मी इचारलंच न्हाई," ती म्हणाली. "सगळं इचारलं आन हेच राहिलं. चुकलं माझं." मी तिला समजावलं. खाला, बाबांच्या खोल्या राहिल्या त्या तुझ्यामुळे, आणि हे माहीत असतं तरी आपण हेच कर्ज घेतलं असतं. तिला ते पटलं, पण पुरलं नाही. "तो करारनामा हाय का तुझ्याकडं? रविवारी घेऊन ये. ते लिवलेलं होतं का न्हाई, एवढं मला बघायचंय."

नांदेडला परतल्यावर मी ट्रंकेतून करारनामा काढला. ते लिहिलेलं होतं. सातव्या पानावर: अधिस्थगन कालावधीतील व्याज मुद्दलात समाविष्ट करण्यात येईल. अधिस्थगन, म्हणजे हप्ते नसलेली ती वर्षं. ती ओळ वाचली आणि बँकेतली ती दुपार डोळ्यांपुढे आली. ही ओळ मी मोठ्याने वाचली होती. खालाने लगेच विचारलं होतं, "म्हंजे काय?" मला त्यातलं काही कळलं नव्हतं. पण साहेब समोर, बाबा शेजारी, मागे रांग, आणि मी बारावी पास झालेली. नाही कळलं, असं म्हणायची मला लाज वाटली. मी म्हणाले होते, "म्हणजे तेवढे दिवस भरायचं नाही," आणि पान उलटलं होतं.

तिने विचारलं होतं. चूक तिची नव्हती, माझी होती. मी तिला तेव्हाच्या तेव्हा फोन करायला हवा होता. पण फोनवर काय सांगायचं, समोर बसून ती ओळ वाचून दाखवू, मग ती मला रागावेल आणि हसेलही, असं मी ठरवलं.

रविवारी सकाळच्या एसटीने मी लातूरला उतरले, करारनामा पिशवीत घेऊन. खालाच्या दाराबाहेर चपलांची रांग गल्लीपर्यंत आली होती आणि भिंतीशी जनाज्याची खाट टेकवून ठेवली होती.