बाबांनी उलटे लावलेले आकडे

आमच्या चर्चमध्ये बाबांना गायला बंदी होती. तशी कुणी लेखी दिली नव्हती. पण त्यांनी सूर लावला की पुढचे चार बाक भरकटायचे, म्हणून आईने लग्नाच्या पहिल्याच वर्षी त्यांना फक्त ओठ हलवायला सांगितलं. त्यांनी ते जन्मभर पाळलं. गाण्याशी त्यांचा संबंध उरला तो आकड्यांपुरता.

धंद्याने ते पेंटर. दुकानांच्या पाट्या आणि गाड्यांच्या नंबरप्लेट रंगवायचे. लोकही त्यांना पेंटर म्हणूनच हाक मारत. चर्चच्या भिंतीवर एक बोर्ड होता, त्यावर त्या रविवारच्या गीतांचे क्रमांक लागायचे. आकड्यांची फळकुटं बाबांनीच रंगवलेली, काळ्यावर पांढरी. दर शनिवारी संध्याकाळी ते शिडीवर चढायचे, फळकुटं खाचेत सरकवायचे, खाली उतरून लांबून बघायचे आणि काहीतरी खटकलं म्हणून पुन्हा चढायचे. तीन गाण्यांना पाऊण तास. आई म्हणायची, एवढ्या वेळात माझा स्वयंपाक होऊन भांडीसुद्धा घासून होतात. मी आकडे त्या फळकुटांवरच शिकले. दोनाला मान असते आणि आठाला कंबर, असं त्यांचं शिकवणं.

मी चौदा वर्षांची असताना पेटीवाल्या बाई पाय घसरून पडल्या आणि त्यांचं मनगट मोडलं. त्यांच्या हाताखाली पायपेटी शिकणारी मी एकटीच, त्यामुळे रविवारची उपासना माझ्या गळ्यात पडली. दोन गाणी येत होती. तिसरं होतं दोनशे सतरा, सगळा काळ्या पट्ट्यांचा खेळ. आठवडाभर घासलं तरी दुसऱ्या ओळीत बोटं अडखळायचीच. शनिवारी चर्चमध्ये सराव करताना मी पेटीचं झाकण आपटलं आणि जाहीर केलं की उद्या वाजवणार नाही आणि यापुढे पेटीला हातही लावणार नाही. माझा स्वभाव तेव्हाही असाच होता, एकदा बोलले की बोलले. बाबा शिडी घेऊन दारात उभे होते. ते एवढंच म्हणाले, "उद्या नुसती येऊन बस. तेवढं तर जमेल ना?"

मी जाऊन बसले. पहिली दोन गाणी कशीबशी पार पडली. तिसऱ्याला धीर करून बोर्डाकडे पाहिलं, तर एकशे सत्तावीस. ते मला झोपेतही वाजवता आलं असतं. देवाने माझं ऐकलं, असं वाटून मी इतक्या जोरात भाता हाणला की म्हाताऱ्यांची दमछाक झाली. बाबांचे ओठ भराभर हलत होते.

गाणं संपलं तसे बसमालक उठले, ज्यांच्या गाड्यांच्या नंबरप्लेट बाबा रंगवायचे. ते मंडळीचे पंच, गीतांची यादी त्यांच्या हातात. यादीत तर दोनशे सतरा आहे, दोन आणि एक उलटे लागलेत, असं त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. बाबा जागेवर उभे राहिले. "आकडे मी लावलेत. चूक माझी आहे. मंडळीने क्षमा करावी." लोक हसले, पाळकसाहेबांनी बायबल उघडलं आणि उपासना पुढे सुरू झाली.

त्याच आठवड्यात बसमालकांनी नंबरप्लेटचं काम दुसऱ्याला दिलं. गाडीचा नंबर उलटा लागला तर पोलिसांना काय सांगू, असं त्यांचं म्हणणं. त्यांचं बघून आणखी दोघं गेले. बाबा नुसत्या पाट्यांवर राहिले, दूरदूरच्या भिंती रंगवायला जाऊ लागले. "पेंटर, आज आकडे सरळ ना?" हा विनोद चर्चच्या पायऱ्यांवर वर्षानुवर्षं चालला. त्यात मीही मागे नव्हते. प्रगतिपुस्तक पुढे करताना म्हणायचे, बाबा, मार्क उलटे वाचू नका हं. ते हसून सही करायचे.

पेटी मात्र सुटली नाही. आज मी तीच शिकवते आणि त्यावरच माझं घर चालतं.

गेल्या महिन्यात बाबा गेले. दफनविधी दुसऱ्या दिवशी होता. निवृत्त पाळकसाहेब काठी टेकत घरी आले आणि गीत कोणतं घ्यायचं, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, एकशे सत्तावीस, बाबांच्या चुकीचं.

"ती चूक नव्हती, बाळ," ते म्हणाले. "आदल्या संध्याकाळी तो माझ्याकडे आला होता. म्हणाला, उद्या माझ्या हातून एक चूक होणार आहे, तिची क्षमा आजच मागून ठेवतो. मी म्हटलं, गाणंच बदलू या. तर म्हणाला, मग तिच्यासाठी बदललं हे तिला कळेल. तापट आहे, पुन्हा पेटीला शिवायची नाही."

मला रडू यायच्या आधी राग आला. इतकी वर्षं गप्प राहिले म्हणून बाबांचा, त्यांना साथ दिली म्हणून पाळकसाहेबांचा आणि सगळ्यात जास्त त्या प्रगतिपुस्तकाच्या विनोदाचा. माझ्या बाबांनी मला कधीच काही सांगितलं नाही. नुसतं हसण्यावारी नेलं.

दुसऱ्या दिवशी चर्च भरलं होतं. दुसऱ्या बाकावर थकलेले बसमालक होते. बाबा जिथे उभे राहिले होते तिथेच मी उभी राहिले. "त्या रविवारी मला दोनशे सतरा वाजवता येत नव्हतं," मी म्हटलं. "आकडे बाबांनी मुद्दाम लावले होते. त्यांच्या हातून आकडा कधी चुकला नाही." कुणीच हसलं नाही. बसमालकांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला.

मग मी पायपेटीपुढे जाऊन बसले. बोर्डावर दोनशे सतरा होतं. सकाळी शिडीवर चढून मीच लावलं होतं, तीनदा खाली उतरून, लांबून बघून.