मामांची पट्टी आणि माझा तरंगता चुंबक

सहा वर्षं मी शून्याच्या मागे लागले होते आणि ते काही हाती लागत नव्हतं. सोलापुरातल्या एका महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवता शिकवता मी अतिसंवाहकांवर पीएचडी करत होते. काही पदार्थ भयंकर थंड केले की विजेला त्यांच्यातून जाताना होणारा अडथळा पार शून्य होतो, इतकंच ते. इतकंच म्हणते खरी, पण माझा आलेख झपाझप खाली यायचा आणि शून्याच्या बोटभर वर येऊन बसकण मारायचा. "परत घोटा," आमचे मार्गदर्शक सर म्हणायचे. मी कच्च्या मालाच्या तिन्ही पावडरी परत खलात घालायची, दोन-दोन दिवस घोटायची, दाबून काळी वडी पाडायची, भट्टीत भाजायची आणि परत तिथंच. इतकं घोटून मला एखादी बरी चटणी तरी करता यायला हवी होती. तीही येत नाही.

शून्य नसलं तरी माझी एक वडी बरी निघाली होती. द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवून थंड केली की तिच्यावर छोटा चुंबक अधांतरी तरंगायचा. प्रबंध पुरा होत नसला तरी लोकांवर छाप पाडायला तेवढं पुरेसं होतं, आणि छाप पाडायची मला भारी हौस.

महाविद्यालयानं संशोधनाचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं आणि नेमका आमचा नायट्रोजन संपला. पुढची गाडी आठ दिवसांनी येणार होती. तेव्हा मला मामा आठवले.

माझे मामा वळसंगच्या बाजूला एका खेड्यात दूध संस्थेच्या केंद्रावर कामाला होते. गाई-म्हशींना कृत्रिम रेतन करायचं हे त्यांचं काम. वळूच्या वीर्याच्या बारीक नळ्या, त्यांना ते कांड्या म्हणत, द्रवरूप नायट्रोजनच्या मोठ्या डब्यात टांगून ठेवलेल्या असतात. ज्या थंडीसाठी मी अर्ज आणि विनंत्या करत फिरत होते, ती मामांच्या केंद्रात खाटेखाली ठेवलेली होती. मामांच्या हाताला गुण आहे असं पंचक्रोशीत म्हणत. त्यांनी भरवलेली गाय सहसा उलटत नसे, म्हणजे तीन आठवड्यांनी पुन्हा माजावर येत नसे. निवृत्तीला सहा महिने राहिले होते आणि मामांनी आयुष्यात कमावलेलं काय असेल तर हे एवढं नाव.

फोन केला तर मामांना कलबुर्गीला लग्नाला जायचं होतं. तीन दिवस डब्याकडं बघायला कुणी नव्हतं. ते आनंदानं डबाच घेऊन आले.

"तुज्याकडंच ठिवतो. तू शास्त्रज्ञ हायेस की. दोन लिटर काढून घे, जास्त नगं," असं म्हणून त्यांनी मला पट्टी दाखवली. काळी लाकडी पट्टी डब्यात बुडवायची, दहा अंक मोजायचे, बाहेर काढून हवेत हलवायची. जिथपर्यंत पांढरं दव धरेल तिथपर्यंत नायट्रोजन. मामा कन्नडमध्ये मोजत. वंद, यरड, मूर, नाक, ऐद... हत्त म्हणाले की पट्टी बाहेर. "चार बोटांच्या खाली जाऊ दिऊ नगं. तळाला पुढच्या सालची वासरं हायती."

मी मान डोलावली. मनात हसलेसुद्धा. उणे एकशे शहाण्णव अंशावर सहा वर्षं काम केलेल्या बाईला हे दहा अंक मोजायला शिकवत होते!

प्रदर्शनात शेजारी गुप्तलेखनाचा विभाग होता. तिथल्या सरांनी जगात कुणाला फोडता येणार नाही असं कुलूप संगणकावर घातलं होतं आणि उद्घाटनाला ते त्यांनाच उघडेना. खगोलवाल्यांनी भर दुपारी मोठी दुर्बीण मांडलेली, त्यामुळे त्यातून पलीकडची पाण्याची टाकी फार स्पष्ट दिसत होती. वैद्यकवाले येणाऱ्याजाणाऱ्याचा रक्तदाब मोजत होते. रांग मात्र माझ्यापुढे होती. चुंबक तरंगला की पोरं ओरडायची, प्राचार्य टाळ्या वाजवायचे, आणि मी म्हणायची, "परत दाखवू?" परत म्हणजे परत ओतणं. डब्याचं झाकण दिवसभर उघडं. दोन लिटर दुपारीच संपले. मी अजून घेतला. पण बेफिकीरपणे नाही हं, मोजून. सकाळ-संध्याकाळ पट्टी बुडवली. दहा अंकांत कसलं अचूक माप मिळतंय म्हणून चांगली पाच मिनिटं आत ठेवली. असं तीन वेळा केलं, सरासरी काढली, दोन दशांश स्थळांपर्यंत लिहिली. त्याचा रंगीत तक्ताही केला. तीन दिवसांत पातळी जवळजवळ हललीच नव्हती. शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं, 'डब्याचे उष्णतारोधन उत्कृष्ट.'

लग्नाहून परतताना मामा संस्थेची नायट्रोजनची गाडी बरोबर घेऊनच आले आणि डबा तिथल्या तिथं काठोकाठ भरून घेतला. "माप बघितलंस न्हवं?" एवढंच विचारलं. मी तक्ता पुढं केला. मामांनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि गावी जाऊन केंद्राच्या भिंतीवर चिकटवला. कुणी आलं की म्हणायचे, भाचीनं केलाय.

पुढच्या महिन्यात मामींचा फोन आला. आवाज पडलेला होता. लागोपाठ पाच गाई उलटल्या होत्या. लोक म्हणत होते, म्हाताऱ्याचा हात गेला. दोन घरांनी दुसऱ्या गावचा माणूस बोलावला. एका म्हातारीची एकुलती एक गाय उलटली होती आणि आता पुन्हा उलटली तर ती गाय बाजारात न्यायची म्हणत होती. मामा जेवत नव्हते. चार महिने थांबायचं नाही, आत्ताच कामाची पिशवी संस्थेत जमा करतो म्हणत होते.

मी काय केलं? मामींना ऊन, चारा आणि बदलतं हवामान यांवर वीस मिनिटं व्याख्यान दिलं. फोन ठेवल्यावर स्वतःवर खूश होऊन चहा घेतला आणि सहज म्हणून तक्त्याची माझी प्रत उघडली. चार-पाच लिटर नायट्रोजन मी स्वतःच्या हातानं ओतला होता. मग पातळी हलली कशी नाही? पहिलीच्या पोरानं विचारला असता असा प्रश्न मला दीड महिन्यानं पडला. पट्टी पाच मिनिटं ठेवली तर नायट्रोजनवरच्या गार वाफेनंच ती वरपर्यंत गारठते, आणि खाली कांड्या कोरड्या पडल्या तरी पांढरीच निघते. मी वाफ मोजत होते, तीही दोन दशांश स्थळांपर्यंत.

दुसऱ्या दिवशी सकाळीच गाव गाठलं. मामा नव्हते. मामींना काही न सांगता त्या दिवसांतली एक कांडी थर्मासमध्ये थोड्या नायट्रोजनात बुडवून आणली, कोमट पाण्यात सोडली आणि जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली धरली. जिवंत असतं तर ते सगळं वळवळताना दिसलं असतं. मी काच सरकवत राहिले, डोळे दुखेपर्यंत. काहीही हलत नव्हतं. सहा वर्षांत मला मिळालेलं पहिलं स्वच्छ शून्य ते. मी तिथंच स्टुलावर बसून रडले.

दुपारी परत केंद्रावर गेले तेव्हा मामा आले होते. मी सगळं सांगितलं. मामांनी कोपऱ्यातली पट्टी हातात घेतली.

"पट्टी किती येळ ठिवलीस?"

"पाच मिनिटं."

"पाच मिंटं! अगं, पाच मिंटं ठिवलीस तर मूठसुदिक पांढरी व्हती की." मग उठून दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाले, "कुणाला बोलू नगंस. तुजं डाक्टर व्हायचं ऱ्हायलंय. माजं काय, चार म्हयनं."

खोटं कशाला बोलू, मला हायसं वाटलं. निदान एक मिनिटभर तरी. तोवर मामा भिंतीपाशी गेले होते. त्यांनी माझा तक्ता नखानं सोडवला, कोपरा फाटू न देता, आणि चार घड्या घालून खिशात ठेवला. माझ्या अक्षरातलं ते कुणी जाणत्यानं वाचू नये म्हणून. तेव्हा मात्र मला माझीच इतकी लाज वाटली की मी चपला घातल्या आणि म्हटलं, "मामा, गाडी काढा. पाचही घरं दाखवा."

चार घरी मी सांगितलं. लोकांना नायट्रोजन कळला नाही, पण चूक माझी एवढं कळलं. एकानं मला चहा दिला नाही, मामांना दिला. बरोबरच होतं.

पाचवं घर म्हातारीचं. ती गोठ्यातच होती. गाय नेमकी त्या दिवशी पुन्हा माजावर आली होती आणि तिचा हंबरडा पार रस्त्यापर्यंत येत होता. आठवड्याच्या बाजाराला तीन दिवस उरले होते. मी वाफेपासून सुरुवात केली. म्हातारीनं हात वर करून मला थांबवलं.

"कांड्या तू मारल्यास?"

"व्हय, आजी."

"हौदेनु?" खरंच का, असं तिनं माझ्याकडं नाही, मामांकडं बघून विचारलं. "म्हंजे ह्येचा हात गेला न्हाय?"

"नाही गेला."

म्हातारी तडक कुंपणापाशी गेली आणि शेजारणीला ऐकू जाईल, खरं तर अर्ध्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "अगं ए! म्हाताऱ्याचा हात न्हाय गेला! भाची लई शिकल्याली हाय!"

मामांनी तोंड फिरवलं आणि उपरण्यानं डोळे पुसले. मग केंद्रावरून छोट्या डब्यात आणलेली, त्याच आठवड्यात संस्थेतून आलेल्या नव्या खेपेची कांडी काढली, पाण्यात धरली, कन्नडमध्ये अंक मोजायला लागले आणि मधेच थांबून माझ्याकडं बघितलं.

"बघत काय हुबारलीस, डाक्टरीणबाई? शेपूट धर."

मी शेपूट धरलं.